आमिशांचा सोमवार

सोमवार, लँकेस्टर काउंटी, पेनसिल्व्हेनिया

सकाळीच दोऱ्या भरल्यात. आमिशांकडे, म्हणजे जुन्या साध्या रीतीनं राहणाऱ्या इथल्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांकडे, सोमवार धुण्याचा. ओसरीपासून गोठ्याच्या आढ्यापर्यंत चढत गेलेली कपड्यांची ती रांग पाहिली, की घरात माणसं किती आणि तान्हं बाळ आहे का, हे रस्त्यावरूनच कळतं. जांभळे, निळे, हिरवे, पण सगळे एकरंगी कपडे. शेवटी काळ्या विजारी.

दोरी कप्पीवर फिरते. बाई एका जागी उभी राहून कपडा लावते, चिमटा मारते, दोरी हातभर ओढते, की पुढचा. दुसरं टोक उंचावर बांधायचं, म्हणजे वारा चांगला लागतो. धुण्याचं यंत्र उघड्या टबाचं, वर पिळायला दोन रबरी रूळ. साबणाच्या एकाच गरम पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, अखेर गोठ्यातले कपडे. क्रम चुकला तर पांढऱ्या टोप्या मळकट झाल्याच म्हणायच्या. सदऱ्याचं बटण रुळांत आडवंतिडवं गेलं तर फुटतं, म्हणून बटणं आत घेऊन घडी घालायची. बायकांचे पोशाख टाचण्यांनी बंद होतात. धुण्याआधी त्या मोजून काढलेल्या बऱ्या.

आणि हे यंत्र चालतं कशावर? पुष्कळ घरांत हवेवर. शेडमधलं डिझेल इंजिन कॉम्प्रेसर फिरवतं, टाकीत हवा दाबून भरते आणि नळीतून घरात येते. त्याच हवेवर पाण्याचा पंप, शिवणयंत्र, सुतारकामाची अवजारं चालतात. फ्रिज गॅसवर. ‘आमिश वीज वापरत नाहीत’ हे म्हणणं मला अपुरं वाटतं. त्यांना नको आहे ती बाहेरून घरात येणारी तार, कारण तिच्यामागोमाग टीव्हीही येतो. बग्गीचे दिवे मात्र बॅटरीवर चालतात. रात्रीच्या रस्त्यावर त्यांच्याशिवाय जीव धोक्यात.

दुधाचा प्रश्न याहून अवघड होता. धारोष्ण दूध ३८ अंशांच्या आसपास असतं. ते लवकर ४ अंशांपर्यंत उतरलं नाही तर जंतू वाढतात आणि डेअरी दूध नाकारते. नुसतं थंड करूनही भागत नाही. दूध ढवळलं नाही तर साय वर येते आणि कडेचं दूध गार, मधलं कोमट राहतं. १९६० च्या दशकाअखेरीस डेअऱ्यांनी मोठ्या शीतटाक्यांचा आग्रह धरला. तेव्हा तोडगा निघाला तो असा: थंडावा डिझेल इंजिनानं, ढवळणं १२ व्होल्टच्या बॅटरीवर आणि रविवारी दूध उचलायचं नाही. धंदा टिकला, तारही आली नाही. इतक्या बारकाईनं विचार करून एखादी वस्तू घरात घेणं मला फार मोलाचं वाटतं.

हे नियम म्हणजे ‘ऑर्डनुंग’. वर्षातून दोनदा, कम्युनियनच्या (भाकरी-द्राक्षारसाच्या पवित्र भोजनविधीच्या) आधी, एकत्र प्रार्थना करणाऱ्या गटातली माणसं त्यांवर एकमत करतात. अशा एका गटात साधारण २५ ते ४० कुटुंबं. चर्चची इमारत नाही. एक रविवार सोडून एक, कुणाच्या तरी घरी सुमारे तीन तास प्रार्थना. बाकं खास गाडीतून घरोघर फिरतात. टेलिफोन असतो, पण बहुधा अंगणाकडेच्या छोट्या खोपटात, म्हणजे घंटा जेवणात आड येत नाही.

न्यू जर्सीतून इथे येणाऱ्या मराठी मंडळींनी एवढं सांभाळावं. रविवारी आमिश दुकानं बंद, तेव्हा शनिवारीच या. चेहऱ्यांचे फोटो काढू नका. बग्गी ताशी १२-१५ किलोमीटरनं चालते, मागचा नारिंगी त्रिकोण दिसला की लांबूनच वेग उतरवा आणि हॉर्न अजिबात वाजवू नका, घोडा बुजतो.