सेल बदलण्यापासून डायव्हर घड्याळांपर्यंत: आमची वाटचाल

जळगावात आमचं दुकान सुरू झालं ते सेल, पट्टे आणि एचएमटीच्या सर्व्हिसवर. डायव्हर घड्याळं, म्हणजे पाण्याखाली बुडी मारताना वापरायची घड्याळं, आमच्याकडे आधी दुरुस्तीला आली, खरेदी-विक्री नंतर सुरू झाली. म्हणून आजही कुणी रोलेक्सचं सबमरिनर किंवा ओमेगाचं सीमास्टर विकायला आणलं की आम्ही आधी झाकण उघडतो, मग भाव बोलतो. झाकण उघडू देत नसतील तर ते घड्याळ घेत नाही.

आपल्याकडे सराफ बाजारामुळे चकाकीला मान. विकण्याआधी लोक घड्याळही पॉलिश करून आणतात आणि तिथेच नुकसान होतं. पॉलिशचा बफ लागला की लगच्या (पट्टा अडकवायच्या शिंगांच्या) कडा गोल होतात, पट्ट्याच्या पिनांची भोकं काठाला येतात. उडालेलं स्टील परत येत नाही. ओरखडे असलेली, पण जाड लगची केस (घड्याळाची धातूची चौकट) आम्ही जास्त भावाने घेतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो डायलवर. अंधारात चमकणाऱ्या ज्या लेपाला लोक सरसकट ‘रेडियम’ म्हणतात, त्यात खरं रेडियम साधारण १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच असायचं. पुढे ट्रिटियम आलं, तेही किरणोत्सर्गी, आणि १९९०च्या दशकाच्या शेवटी किरणोत्सर्ग नसलेला ल्युमिनोवा लेप. ट्रिटियमचं अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्म्यावर येण्याचा काळ) १२.३ वर्षं. म्हणजे १९७५चं घड्याळ आज अंधारात रात्रभर उजळत असेल, तर डायल किंवा काटे बदललेले आहेत, नाहीतर वरून नवा लेप दिलाय. डायलवरचे ठिपके लोण्यासारखे पिवळे आणि काटे पांढरेशुभ्र, हीसुद्धा तीच खूण. रेडियमचा डायल मात्र कुणी खरवडू नये. त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे, आणि धूळ श्वासातून आत गेली तर घातक ठरते.

५५१३ क्रमांकाच्या सबमरिनरचं (१९६२ ते १९८९च्या सुमारास) बेझल, म्हणजे काचेभोवतीचं वेळ मोजायचं कडं, दोन्ही बाजूंना फिरतं. ते बिघडलेलं नाही, बनलंच तसं आहे. एकाच दिशेला फिरणारं बेझल नंतर आलं. धक्का लागून ते सरकलं, तरी पाण्याखाली गेलेला वेळ जास्तच दिसावा, कमी नाही, हा त्यामागचा हेतू.

आता पाणी. जुना ओरिंग (पाणी अडवणारं रबरी कडं) कधी कडक होऊन तुटतो, कधी डांबरासारखा चिकट होऊन खाचेत बसतो. तो लाकडी काडीने काढायचा, खाच साफ करायची, नव्या ओरिंगला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यायचा. चावीच्या दांडीला गंज दिसला, तर पाणी आधीच मशीनपर्यंत पोचलंय. मग ३ बार दाबावर कोरडी हवेची चाचणी. त्यानंतर घड्याळ ४०-४५ अंशांना तापवून काचेवर साध्या पाण्याचा थेंब ठेवतो आणि मिनिटभराने पुसतो. आतून धुकं धरलं तर आत ओल आहे. आपल्या मे महिन्यात घड्याळ हातावरच एवढं तापतं, अशात थंड पाण्यात हात घातला की दबलेली ओल काचेवर येते.

डायलवरचे २०० मीटर हा कारखान्यातून निघतानाचा आकडा. पन्नास वर्षांच्या घड्याळाला आम्ही पोहण्याची हमी देत नाही, चाचणीत पास झालं तरी.

नव्या घड्याळांचं काम सोपं. १६६१० क्रमांकाचं सबमरिनर (२०१०पर्यंत बनलेलं) आलं तर टायमिंग मशीनवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, लिफ्ट अँगल (घड्याळाच्या रचनेनुसार भरायचा कोन) ५२ अंश ठेवतो. पूर्ण चावी दिल्यावर, डायल वर ठेवून, अँप्लिट्यूड (आतल्या बॅलन्स चाकाचा झोका) २७० अंशांच्या आसपास हवा. २२०च्या खाली आला तर सर्व्हिसचा खर्च भावातून वजा. बाहेरच्या कारागिराला मूळ सुटे भाग सहजी मिळत नाहीत, म्हणून बेझल किंवा चावी बदललेली असेल तर त्याचीही वजावट वेगळी.

पैशाचा व्यवहार बँकेतूनच. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, दादा-भाऊ म्हणून कितीही आग्रह झाला तरी. विकताना बिलावर प्रत्येक गोष्ट लिहितो: डायल मूळ, काटे बदललेले, केस एकदा पॉलिश, ओरिंग नवे, चाचणी ३ बार, तारीख.