कोड याच मोबाईलात आहे, मग स्कॅन कशाने करू?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मोयऱ्याची केळी घेताना क्यूआर कोडचं काही टेन्शन नसतं, पुठ्ठा समोर टांगलेला, मोबाईल हातात, टिंग झालं की चला पुढे. खरी गंमत कोड व्हॉट्सअ‍ॅपवर येतो तेव्हा. जत्रा जवळ आली की वाड्यावरच्या ग्रुपवर नाटकाच्या वर्गणीचा फोटो पडतो, खाली ‘सगळ्यांनी स्कॅन करून पाठवा’, आणि मग एकेकाची धांदल. कोण शेजारणीचा मोबाईल मागतो, कोण पोराच्या टॅबवर फॉरवर्ड करून तिथून स्कॅन करतो. आमचे एक काका तर मोबाईल घेऊन आरशासमोर उभे राहिले, पण स्कॅनर उघडला की फोटो जातो आणि फोटो उघडला की स्कॅनर जातो, काका आपले आळीपाळीने दोन्ही उघडतायत आणि काकू मागून हसतेय.

अहो, स्कॅनरच्याच स्क्रीनवर कोपऱ्यात फोटोचं बारीकसं चिन्ह असतं. त्याच्यावर टॅप केलं की गॅलरी उघडते, तिथला सेव्ह केलेला फोटो निवडायचा, झालं! कॅमेरा तरी दुसरं काय करतो, चित्र घेतो आणि त्यातले काळे-पांढरे ठिपके वाचतो, चित्र आधीच काढलेलं असलं तर त्याला काय फरक पडतोय.

तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन मात्र शाबूत पाहिजेत, कोड कुठाय आणि कुठल्या बाजूला वळलाय हे त्यावरूनच कळतं. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये हा कोड काढला तो गाड्यांच्या सुट्या भागांसाठी, कारखान्यात तेलाचे डाग पडणारच, म्हणून जास्तीत जास्त ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येईल अशी सोय त्यात ठेवलेली. मधोमध लोगो चिकटवलेला चालतो तो त्यामुळेच. पण स्क्रीनशॉट कापताना एक कोपरा उडाला की बसा बोंबलत.

बाकी गॅलरीतून पैसे पाठवताना नाव नीट वाचा हं, गेल्या वर्षीच्या खजिनदाराचा कोडही तिथेच पडलेला असतो. आणि ‘पैसे मिळवायला स्कॅन करा’ म्हणून कोणी फोटो पाठवला तर सरळ डिलीट, पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही.

आणि कमिटीवाल्यांनो, फोटोखाली यूपीआय आयडी पण टाईप करत जा की, कॉपी-पेस्ट तरी करता येईल.