उजव्या बाजूचा ब्रॅकेट

जुन्या गाडीचं काम म्हटलं की लोक आधी इंजिनाचं विचारतात. इंजिनाचं काही ना काही होतं हो. या शेवरोले ३१०० पिकअपच्या कनेक्टिंग रॉडना बॅबिट, म्हणजे मऊ पांढरा मिश्रधातू, ओतून बेअरिंग करावी लागतात, ते करणारे हात आता कमी राहिलेत पण शोधले की मिळतात. आमची गाडी अडली ती आरशाच्या ब्रॅकेटवर, आणि ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतोय.

गाडी गोव्यातल्या डिचोलीच्या एका घरातली, नंबर गोव्याचा जुना जीडीवाला. मालक बाब ठाम, की गाडी ४८ सालची. पण डाव्या दाराला पुढे ती उघडणारी तिकोनी काच आहे, ती या गाड्यांना १९५१ मध्ये आली. हँडल खाली फिरवायचं आहे, बटणवालं १९५२ पासून. पुढची काच दोन तुकड्यांची, म्हणजे १९५४ च्या आधीची. उजव्या दाराला मात्र तिकोनी काचच नाही! म्हणजे ते दार आधीच्या कुठल्यातरी गाडीचं, कधीतरी बदललेलं, आणि त्या दारावरून कुणीतरी ४८ साल ठोकून दिलेलं. मी घरातले पोर्तुगीज कागद काढायला लावले, त्यात १९५१ निघालं. कागद आधी बघायची सवयच नाही आपल्याकडे, सगळा ऐकीव कारभार.

आता आरसा. गाडी आली तेव्हा उजव्या दारावर ट्रकचा चौकोनी आरसा होता, पत्र्याला भोकं पाडून बसवलेला. पेंटर म्हणाला हीच ओरिजिनल जागा, लांबी (पुट्टी) भरून झाली की तिथेच बसवू. पेंटर रंगाला उत्तम आहे पण त्याला भोकात डोकवायचा कंटाळा. मी लांबी खरवडली. भोकांच्या कडा आत फाटलेल्या, दोन्हींची उंची वेगळी, आटे नाहीत, म्हणजे हातड्रिलचं काम. मग दार पूर्ण उघडून वरच्या बिजागरीपाशी रॉकेल मारून तारेच्या ब्रशने घासत बसलो, ग्रीस आणि तीन रंगांच्या थराखाली आटे असलेली भोकं लागली. तो क्षण मला फार प्रिय आहे. ब्रॅकेट तिथे बसून दांडी दार आणि बॉडीच्या फटीतून बाहेर येणार, दाराच्या बाहेरच्या पत्र्याला एकही भोक नको.

त्यातल्या एका भोकाचे आटे कुणीतरी आठ एमएमचा बोल्ट दामटून मारलेले. यावर मला खरंच राग येतो. अमेरिकन गाडी, बोल्ट अडीच सुताचा, म्हणजे पाच सोळांश इंच, इंचाला अठरा आटे. आठ एमएमचा बोल्ट जाडीला जवळजवळ तेवढाच, त्यामुळे पहिले दोन आटे धरतो आणि माणसाला वाटतं बसला, पण पीच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, वेगळा, पुढे पाना लावून रेटला की जुने आटे कापत जातो. विटवर्थचा, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचा, बोल्ट त्याहून फसवा, त्यालाही त्या मापात इंचाला अठराच आटे, फक्त आट्याचा कोन ५५ अंश, अमेरिकन ६०. पीच गेज काही फार महागाची वस्तू नाही, पण कितीतरी गॅरेजांत ती नसतेच. आटे पाडायचा टॅप फिरवून ते साफ केले, थोडक्यात वाचले.

भोकं मिळाली, ब्रॅकेट कुठून आणायचा? अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे, त्यामुळे डाव्या बाजूचा माल मिळतो, नवा बनवलेलाही. आपली गाडी उजव्या स्टिअरिंगची. पोर्तुगाल १९२८ मध्ये रस्त्याच्या उजवीकडे गेला पण गोवा शेजारच्या ब्रिटिश मुलखामुळे डावीकडेच राहिला. डावा ब्रॅकेट उलटा करून उजवीकडे लागत नाही, वाक उलट पडतो. मुंबईच्या एका दुकानदाराने फोनवर "ओरिजिनल आहे भाऊ" म्हणून चकचकीत स्टेनलेसचा डावाच पाठवला, परत घ्यायला तयार नाही.

मला उशिरापर्यंत कुणी विचारलं नाही की ब्रॅकेटसाठी तू जुनी पिकअपच का शोधतोस. मी पिकअप शोधतच नव्हतो. त्या काळात शेवरोलेची केबिन पिकअपला आणि मोठ्या लॉरीला एकच होती, आणि लॉऱ्या म्हटल्या की आपला खाणपट्टा. कुडचडे, सावर्डे बाजूला विचारत राहिलो. एका भंगारवाल्याच्या मागच्या अंगणात केबिन निघाली, आत नारळाची सोडणं भरलेली, फरशी पूर्ण गंजून गेलेली, पण उजव्या बिजागरीला ब्रॅकेट! रस्टऑइल मारून रात्रभर ठेवायला सांगितलं तर तो म्हणाला, "गॅस मारतो की, पाच मिनिटांत." हात धरला त्याचा. दुसऱ्या दिवशी हाताच्या पान्याने सुटला.

ब्रॅकेट बरोबर बसला, पण दांडी लांब निघाली. लॉरीचा हौदा केबिनपेक्षा रुंद, मागचं दिसायला आरसा बाहेर न्यावा लागतो. मालक बाबांचा भाचा म्हणाला कापून वेल्ड करा. मी नाही कापली. बाबांकडे चवथीला घरासमोर काढलेला जुना फोटो होता, त्यात आरसा दिसत होता. हेडलाइटच्या रिंगचं माप गाडीवर घेतलं, फोटोतल्या रिंगशी ताडून दांडीची लांबी काढली, आणि तेवढी नवी दांडी सळईतून वाकवून काळी रंगवली. लॉरीची दांडी तेल लावून, कागदात गुंडाळून सीटखाली ठेवलीय. ब्रॅकेट जुना, दांडी माझी. याला ओरिजिनल म्हणायचं का, हे मी रोज वेगवेगळं ठरवतो.

त्याच फोटोत डावीकडे आरसाच नाही. बाबांना दोन्ही हवेत, आणि म्हापशाच्या रस्त्यावर डावीकडून स्कूटर कशा घुसतात ते बघता त्यांचं चुकत नाही. मुंबईहून आलेला तो डावा स्टेनलेसवाला पडून आहे, तो मॅट काळा करून लावता येईल, पण डाव्या बिजागरीपाशी आटे निघाले तरच. नाही निघाले तर क्लॅम्प करीन, डाव्या दाराला ड्रिल लावणार नाही. बाबांना तसं सांगितलंय, रविवारी ते गाडी बघायला येणार आहेत.