तुम्ही विचारलंत म्हणून: खोटा काटा कुणाचा?

"एकच दागिना, दोन दुकानांत दोन वजनं. मग खोटा काटा कुणाचा?" लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला पाव्हणा विचारतो, बँकेच्या रांगेतला विचारतो, सराफ विचारतात, त्यांची गिऱ्हाइकं तर विचारतातच. लातुरात वजनकाटे दुरुस्त करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय, त्यामुळं विचारणारच. पण सूर असा असतो, जणू आतली गोष्ट मला ठाऊक आहे आणि मी ती दाबून बसलोय. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी हे की सील मी मारत नाही. मी परवानाधारक दुरुस्तीवाला. काटा उघडायचा, नीट करायचा आणि वैधमापनशास्त्राच्या निरीक्षकापुढं ठेवायचा. वर्षाला एकदा पडताळणी, मग शिक्का. "तुमचं आणि सराफांचं साटंलोटं असतं" हे माझ्या तोंडावर म्हणणारे आहेत. पैसे मला सराफच देतो, ही गोष्ट खरी. गिऱ्हाइकानं मला आजवर चहासुद्धा पाजलेला नाही.

आता काट्याबद्दल. ताटलीखाली ॲल्युमिनियमचा एक ठोकळा असतो, त्याला आम्ही लोड सेल म्हणतो. वजन ठेवलं की तो डोळ्याला न दिसण्याइतका वाकतो, त्याच्यावर चिकटवलेल्या पट्टीतला विजेचा रोध बदलतो आणि त्या बदलाचा आकडा समोर दिसतो. म्हणजे काटा दाब मोजतो आणि वजन सांगतो. मधे तापमान येतं, वारा येतो, हललेला काउंटर येतो. एवढंच काय, जागाही येते. दिल्लीत बरोबर केलेला काटा लातुरात आणून तसाच लावला, तर शंभर ग्रॅममागं पंचाहत्तर-ऐंशी मिलिग्रॅम कमी दाखवेल. कारण आपण विषुववृत्ताच्या जास्त जवळ आहोत, शिवाय समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर, आणि इथं पृथ्वीची ओढच किंचित कमी. म्हणून काटा जिथं वापरायचा तिथंच वजनं ठेवून बसवावा लागतो. ऑनलाइन मागवून थेट गल्ल्यावर ठेवणाऱ्यांना हे पटत नाही.

दुसरं, काटा ०.००१ दाखवतो म्हणजे तो ०.००१ पर्यंत खरा असतो, हा गैरसमज. अचूकतेप्रमाणं काट्यांचे वर्ग असतात, सराफाकडं दुसऱ्या वर्गाचा काटा असतो. त्यातल्या पुष्कळांवर शेवटचा आकडा मिलिग्रॅमचा दिसतो, पण पडताळणीचा टप्पा, म्हणजे निरीक्षक ज्या मापानं चूक धरतो तो, दहा मिलिग्रॅमचा असतो. वीस-पंचवीस ग्रॅमच्या दागिन्याला नव्या पडताळणीत पाच मिलिग्रॅमची चूक चालते, वापरातल्या काट्याला दहाची. म्हणजे एक काटा दहा वर, दुसरा दहा खाली, तरी दोन्ही कायद्यानं खरे आणि फरक वीसचा. हे सांगितलं की लोक माझ्याकडं असं बघतात, जणू मी चोरीचा परवाना वाचून दाखवला.

हाच प्रश्न मला सातासमुद्रापारूनही आला. चुलतभावाचा मुलगा अमेरिकेत असतो. तिकडं निशाणेबाजीच्या छंदातली माणसं वापरलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात, आणि बंदुकीची दारू तोलायला ग्रेनचा इलेक्ट्रॉनिक काटा घेतात. "काका, दोन काटे दोन आकडे दाखवतात, कुणावर विश्वास ठेवू?" एक ग्रेन म्हणजे जवळजवळ ६४.८ मिलिग्रॅम. त्यांना दशांश ग्रेनपर्यंत तोलायचं असतं, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. तिथं चूक झाली तर नुसतं पैशाचं भांडण होत नाही, बंदुकीच्या नळीत दाब वाढतो. त्याला सांगितलं ते असं. काटा अर्धा तास आधी चालू करून ठेव. पंखा आणि एसी बंद कर, मोबाइल लांब ठेव. जेवढं तोलायचंय त्याच्या जवळपासचं तपासणीचं वजन घे, पन्नास ग्रॅमचं ठेवून दोन ग्रॅमची खात्री करू नकोस. आणि चिमटीनं कण-कण टाकत जाऊ नकोस. काट्यात शून्य सांभाळायची सोय असते, आकडा फार हळू सरकला तर तो त्याला धूळ किंवा उष्णता समजून गिळून टाकतो. ताटली उचलून परत ठेव, मग वाच. शंका आली तर दांडीच्या काट्यावर ताडून बघ, त्याला ना वीज लागते ना जागा बदलल्याचा फरक पडतो.

त्याला ग्रेनचं नवल वाटत होतं. म्हटलं, बाबा, तोळा तरी कुठून आला? इंग्रजांनी १८३३ साली रुपया १८० ग्रेनचा केला आणि तोच तोळा धरला, ११.६६ ग्रॅम. आपल्याकडं निजामाचा हाली रुपया याहून हलका होता, साधारण ११.१८ ग्रॅमचा, आणि इंग्रजी तो कलदार. आमच्या आजोबांच्या पेटीत दोन्ही होते. मराठवाड्याला दोन वजनांची सवय काट्यांच्या आधीपासूनची आहे.

असो. आता ती गोष्ट, जिच्यामुळं हा प्रश्न कुणी विचारला की माझं डोकं उठतं.

२०१६ चा मे. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं ते वर्ष. अबकारी कराविरुद्धचा सराफांचा लांबलेला बंद सुटून थोडे दिवस झाले होते, आणि गंजगोलाईत, म्हणजे आमच्या बाजारपेठेत, दागिने मोडायला, गहाण ठेवायला आलेल्यांचीच गर्दी. औशाकडचं एक जोडपं बोरमाळ गहाण ठेवायला आलं. पहिल्या दुकानात भरली २३.४१२ ग्रॅम. भाव पटला नाही म्हणून चार दुकानं सोडून दुसरीकडं गेले. तिथल्या सराफानं रिठ्याच्या पाण्यात ब्रशनं घासून पुसून तोलली, २३.४६२. पन्नास मिलिग्रॅम जास्त. जोडप्यातले मामा तडक पहिल्या दुकानात परतले. काटा मारला म्हणून आरडाओरडा. सराफानं घाबरून पुन्हा तोलली तर त्याच्याच काट्यावर आता २३.४४१. झालं! त्याच काट्यावर दोन वजनं, मग आणखी काय पुरावा पाहिजे? माणसं जमली. दोन्ही काटे माझ्याच हाताखालचे, म्हणून मला बोलावलं.

मी पहिलं काम केलं ते कूलर बंद केला. त्याच्या झोतानं शेवटचे दोन आकडे नाचत होते. तर मागून एकजण म्हणाला, "बघा, कायतरी झाकलालेत." माझी वजनं काढली, वीस ग्रॅमचं ठेवलं, दोन मिलिग्रॅमच्या आत बरोबर. दुसऱ्या दुकानातला काटाही जाऊन बघितला, तोही बरोबर. पन्नास हा आकडा मला मघापासून खटकत होताच. वीसपर्यंत समजू शकलो असतो.

मग बोरमाळ हातात घेतली. सोन्याच्या पत्र्याचे पोकळ मणी, आत भरलेली लाख, रेशमी दोऱ्यात गाठवलेली. दोरा बोटाला गार लागला. ताटलीवर ठेवली. २३.४३६. काचेची झाकणं लावली, तोंड बाजूला केलं. ४३६, ४३५, ४३५, ४३४. पाणी उडत होतं. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे पाण्याचा एक थेंब, तो दोऱ्यात आणि मण्यांच्या भोकांत अडकला होता आणि मेच्या उन्हाळ्यात वाळत होता. मला एवढा आनंद झाला की मी मामांना हाताला धरून पुढं आणलं, म्हटलं, बघा मामा, आकडा बघा.

त्यांनी बघितला. ४३३. ४३२. आणि ते ओरडले, "आवं, तुमच्या डोळ्यादेखत सोनं कमी होलालंय की!"

मी समजावलं. दोरा दाखवला, बोट ओलं झालेलं दाखवलं. ज्या वर्षी लातुरात घागरभर पाण्यासाठी रात्र काढावी लागत होती, त्या वर्षी मी एका माणसाला सांगत होतो की तुमच्या दागिन्यात पाणी जास्त झालंय. कुणीतरी हसलं. मामा नाही हसले.

गल्ल्यावर दोन्ही दुकानांच्या चिठ्ठ्या शेजारी-शेजारी पडल्या होत्या, आणि तिथं मला खरी गोष्ट दिसली. मण्यांतली लाख सोनं नव्हे, म्हणून सराफ तिचं वजन अंदाजानं वजा करतो. पहिल्यानं लिहिलं होतं, लाख वजा साडेचार ग्रॅम. दुसऱ्यानं, लाख वजा पाच ग्रॅम. म्हणजे पहिल्याकडं निव्वळ १८.९१२, दुसऱ्याकडं १८.४६२. ज्याचा काटा 'खोटा' तो साडेचारशे मिलिग्रॅम जास्त धरत होता. तेव्हा दहा ग्रॅमचा भाव तीस हजारांच्या आसपास होता. भांडण दीडशे रुपयांचं, आणि खालच्या ओळीत साडेतेराशे. मी बोटानं ती ओळ दाखवली. मामा म्हणाले, "ते लाखेचं कुणाला दिसतंय? काटा दिसतोय."

मावशी तोवर काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "दादा, मग आमचं वजन कंचं धरावं?"

मी म्हटलं, वाळल्यावरचं. त्या म्हणाल्या, "आन् लाखेचं?" मी गप्प राहिलो. लाख किती हे माल गाळल्याशिवाय कळत नाही, आणि गहाणाचा माल गाळता येत नाही. ते दुसऱ्या दुकानात गेले. खऱ्या काट्याच्या.

तोवर मी सगळ्यांना ठणकावून सांगायचो की काटा खरा तर व्यवहार खरा. तेव्हाचा मी आज समोर आला तर वाद घालेल. म्हणेल, तुझं काम मिलिग्रॅमचं, लाखेचा अंदाज सराफाचा, तू कशाला मधे पडतोस? त्याचं चुकतं असं मला सरळ म्हणता येत नाही. परवाना काट्याचा आहे, अंदाजाचा नाही. पण मग मी ज्या मिलिग्रॅमसाठी कूलर बंद करतो, ते कुणाच्या कामी येतात? पाच ग्रॅम नजरेनं वजा होणार असतील, तर तिसरा दशांश कशाला दाखवायचा? सराफांना हे बोललेलं आवडत नाही. "तुम्ही आमचंच खाता," असं एकानं ऐकवलं. खातोच. त्याच पैशानं मी त्याचा काटा खरा ठेवतो, आणि तो खरा आहे म्हणूनच खालच्या ओळीकडं कुणी बघत नाही.

विचारता तर सांगतो. वजनाच्या आकड्यावरून भांडायच्या आधी दागिना कोरडा आहे का बघा, पंखा बंद करायला सांगा, काट्यावर चालू वर्षाचा शिक्का आहे का बघा. मोडणार असाल तर समोर गाळायला लावा. गहाण ठेवणार असाल तर लाख किती वजा केली ते पावतीवर लिहून घ्या आणि दोन दुकानांत फक्त तोच आकडा ताडा.

सगळे सराफ लबाड असतात असं माझं म्हणणं नाही. लाख मोजायची सोयच नाही, यात त्यांचा काय दोष? कॅरेटोमीटर वरच्या पत्र्याची शुद्धता सांगतो, आतली लाख त्याला दिसत नाही. पाण्यात बुडवून घनता काढावी तर मण्यांत हवा अडकते. एकाला मी सुचवलं होतं की एक मणी फोडा, त्यातली लाख तोला, मण्यांच्या संख्येनं गुणा. तो म्हणाला, "आणि उद्या बाई सोडवायला आली की तिला एक मणी कमी असलेली माळ देऊ?" त्यावर काय बोलावं हे मला अजून सुचलेलं नाही.