वडिलांचे टायर

नाशिक-पुणे रस्त्याला, शाळेच्या कुंपणाला लागून आमचं पंक्चरचं दुकान होतं. बाद टायर वडील खुशाल कुंपणापलीकडे ढकलून देत. पावसाळ्यात वर्गात डास झाले की पोरं म्हणायची, "तुझ्या घरचे आलेत बघ!" १९९१ साली, आठवीत, हे इतकं वाढलं की मी मागच्या बाकावर बसायला लागलो.

विज्ञानाचे सर मला काही बोलले नाहीत. त्यांनी टायरांवर खडूने नंबर घातले आणि नोंदवही माझ्या हातात दिली.

धो धो पाऊस लागला की टायर भरून वाहायचे, वळवळेही (डासांच्या अळ्या) वाहून जायचे. त्यांची खरी चंगळ श्रावणात. दोन दिवस पाऊस, चार दिवस उघडीप. टायर काळा, पाणी कोमट; आत सावली, वर कुजका पाला म्हणजे आयतं जेवण. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास. जानेवारीत टाकीची गळती ३ नंबरच्या टायरात पडायची. तिथले वळवळे मात्र पंधरा दिवसांनीही वळवळेच. थंडीत त्यांची वाढच रेंगाळायची.

फेब्रुवारीत टाकी दुरुस्त झाली, टायर ठणठणीत कोरडा पडला. 'डास संपले' असं लिहून मी खाली रेघ मारली. सरांनी ती खोडली नाही. जूनमध्ये शाळा उघडली, पावसाचा पत्ता नव्हता. सरांनी मला भिंग दिलं. टायरच्या आत, जुन्या पाण्याच्या रेघेच्या जरा वर, खसखशीहून बारीक काळे कण चिकटले होते. तेवढी पट्टी कापून बरणीत पाण्यात टाकली. दुसऱ्या दिवशी वळवळे! एडिसची, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची, अंडी कोरडी राहून महिनोन्‌महिने पाण्याची वाट बघतात. म्हणजे टायर नुसता उपडा करून भागत नाही, आतून घासावाही लागतो.

बरणी वडिलांना दाखवली. ते हूं की चूं बोलले नाहीत, पण रविवारी सगळे टायर छपराखाली गेले.

आशियातला टायगर डास जुन्या टायरांच्या व्यापारातून अमेरिकेत पोचला, १९८५ मध्ये टेक्सासला सापडला, हे पुढे वाचलं. आमचं कुंपण त्यामानाने काहीच नाही! आता माझं रिमोल्डिंगचं, म्हणजे झिजलेल्या टायरांवर नवा रबर चढवायचं, दुकान आहे.

परवा शाळेच्या महोत्सवाच्या बैठकीला आलो, तर मैदानात टायरचा नवा झोपाळा. सवयीने खालच्या बाजूला आतून बोट फिरवलं. पाणी होतं, भोक नव्हतं. गाडीतून ड्रिल काढली.