तुम्ही विचारलंत म्हणून : मुलांना फाइटला कधी उतरवणार?

तायक्वांदोच्या वर्गात नवे मूल आले की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पालकांचा प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, याला फाइट कधी खेळू देणार?" त्यामागची अधीरता मला कळते. हेडगार्ड आणि चेस्टगार्ड विकत आणून झालेले असतात, घरी मोबाइलवर सामने पाहणे चालू असते, आणि वर्गात मात्र आठवडेच्या आठवडे एका पायावर उभे राहून गुडघा वर घेण्याचा सराव दिसतो. मी उगाच वेळ काढते आहे, असे काहींना वाटते. तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर सांगते.

दोल्यो चागी, म्हणजे राउंड किक, मारताना पाहणाऱ्याची नजर हवेतल्या पायावर असते; मी जमिनीवरच्या पायाची टाच पाहत असते. गुडघा वर येत असताना टेकलेला पाय चवड्यावर फिरला पाहिजे, आणि तोही इतका की किक लागण्याच्या क्षणी टाच प्रतिस्पर्ध्याच्या दिशेला वळलेली असेल. टाच मॅटला चिकटून राहिली तर कंबर वळते, पाऊल जागेवरच राहते आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. लहान मुलाला ते लगेच दुखत नाही, म्हणूनच चुकीची सवय अंगात मुरते. किक लागल्यावर पाय दुमडून परत आणणे हा त्याच किकचा उरलेला अर्धा भाग आहे. मुले मात्र पाय परत आणत नाहीत, पुढे टाकून देतात, त्याच्यामागे तोल जातो आणि सामन्यात पडले की गमजम, म्हणजे नियमभंगाचा दंड, मिळून प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात एक गुण फुकट जमा होतो.

हे शहाणपण मला सुरुवातीपासून होते असे नाही. प्रशिक्षक म्हणून पहिल्याच वर्षी मी आठ वर्षांच्या एका मुलाला, त्याची पॅडलवरची (किकच्या सरावासाठी समोरच्याने हातात धरलेल्या गादीवरची) किक पाहून, चार महिन्यांतच फाइटला उभे केले. (पॅडलवर किक बसली की टाळीसारखा आवाज होतो आणि तो सगळ्यांनाच आवडतो; पण पॅडल उलटून मारत नाही, हे मी तेव्हा विसरले.) समोरच्याची दुसरीच किक त्याच्या हेडगार्डला लागली. इजा काहीच झाली नाही, पण त्या दिवसापासून कोणी गुडघा उचलला की तो डोळे मिटून पाठ फिरवू लागला. हल्ला चुकवण्यासाठी पाठ फिरवली तरी गमजम मिळतो, पण ते नुकसान त्यामानाने किरकोळ होते. ती सवय मोडायला जवळजवळ वर्ष गेले. मी त्याच्यासमोर अगदी सावकाश पाय उचलायची आणि कोणता पाय येतो आहे ते त्याने मोठ्याने सांगायचे : "उजवा", "डावा", "उजवा". सांगायचे म्हणजे डोळे उघडे ठेवणे आलेच. आता हा सराव प्रत्येक नव्या मुलाकडून करून घेते. मग हलते पॅडल, मग चेस्टगार्ड घालून एकाने फक्त मारायचे आणि दुसऱ्याने फक्त सरकायचे, आणि त्यानंतर उलट हल्ला.

गुणांची पद्धतही घाई वाढवते. धडावर पंचला १, किकला २ आणि गिरकी घेऊन मारलेल्या किकला ४. डोक्यावर साध्या किकला ३ आणि गिरकी घेतली तर ५. मुलांना हे गणित पाढ्यांपेक्षा लवकर पाठ होते, आणि पाय आवरता न येणारे मूलही थेट समोरच्याच्या डोक्याकडे पाहू लागते. त्यात मोठ्या स्पर्धांमध्ये चेस्टगार्ड आणि मोजे इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे, म्हणजे किकचा गुण यंत्रच नोंदवत असल्यामुळे, खेळाडू पुढचा पाय हवेत धरून नुसते टोचत असतात, त्याची नक्कल होते. त्या खेळाडूंची कंबर वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार झालेली असते. आमची मुले फक्त लंगडी घालतात. काही प्रशिक्षक हे सुरुवातीपासून शिकवतात. मला ते पटत नाही.

तेव्हा "कधी" याचे उत्तर मी महिन्यांत देत नाही आणि बेल्टच्या रंगावरूनही देत नाही. मागे एकदा दोन मुली एकीने मारायचे, दुसरीने सरकायचे असा सराव करत होत्या. सरकणारीचे हेडगार्ड अचानक डोळ्यांवर आले, आणि नेमकी त्याच वेळी दुसरीची किक अर्ध्यावर आली होती. तिने पाय हवेतच थांबवला, गुडघा मागे घेतला, पाय खाली ठेवला आणि म्हणाली, "थांब, तुझं हेडगार्ड सरकलंय." तिला येऊन सात महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी फाइटच्या यादीत मी तिचे नाव लिहिले.