मूडिगेरेचा तेजस्वी

कन्नड लेखक पूर्णचंद्र तेजस्वी हे कन्नडचे महाकवी कुवेंपू यांचे चिरंजीव, एवढी ओळख मला पुरेशी वाटत नाही. 8 सप्टेंबर 1938 रोजी शिवमोग्गा जिल्ह्यातल्या कुप्पळी गावी जन्मलेल्या या लेखकाने म्हैसूरला शिक्षण घेतले, पण वडिलांच्या कीर्तीच्या सावलीत नोकरी न धरता चिक्कमगळूरु जिल्ह्यातल्या मूडिगेरे भागात कॉफीची शेती केली आणि सह्याद्रीच्या रानालाच आपली शाळा मानले. कॅमेरा घेऊन पक्ष्यांची छायाचित्रे काढावीत, गळ टाकून तासन्‌तास मासे धरावेत आणि मग लिहावे, असा त्यांचा दिनक्रम होता.

1980 मध्ये आलेली ‘कर्वालो’ ही कादंबरी मला सर्वांत प्रिय आहे. मधमाश्या पाळणारा, गावाच्या लेखी कुचकामी असलेला मंदण्णा उडता सरडा पाहतो आणि त्याच्या त्या नजरेची किंमत ओळखणारे शास्त्रज्ञ कर्वालो त्याला सोबत घेऊन घनदाट अरण्यात शिरतात. शेवटी हाती येता येता तो सरडा कड्यावरून अंग झोकून देतो आणि दरीवर तरंगत दिसेनासा होतो. तिथे मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिलो होतो. अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसाच्या निरीक्षणाला विज्ञानाच्या बरोबरीने बसवणे, हे माझ्या मते तेजस्वींचे सर्वांत मोठे काम आहे.

‘चिदंबर रहस्य’ या कादंबरीसाठी त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 5 एप्रिल 2007 रोजी मूडिगेरेतल्या ‘निरुत्तर’ या आपल्या घरीच त्यांचे निधन झाले.